चाळिशीची तपासणी आणि तिच्या आधीची चाळीस वर्षे

पिंपरी-चिंचवड, भोसरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात हृदयाच्या आरोग्याची चर्चा एका ठरलेल्या वाटेने जाते. ऐन उमेदीतला एखादा कामगार अचानक दगावतो, चार दिवस सगळीकडे हळहळ होते, मग कारखान्यात आरोग्य शिबिर भरते. रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तेल-मीठ कमी करा, रोज चालायला जा, असे सांगितले जाते आणि विषय पुढच्या घटनेपर्यंत मिटतो. हा सल्ला चुकीचा नाही. पण त्यामागे एक समज पक्की बसलेली आहे : हृदयरोग हा चाळिशीनंतरचा, पोट सुटलेल्या, बसून काम करणाऱ्या माणसाचा आजार आहे आणि सडपातळ, कष्टकरी तरुणाला त्याची फिकीर करण्याचे कारण नाही. या समजुतीला सर्वांत भक्कम पुराव्यानिशी धक्का दिला तो या पट्ट्याला लागूनच असलेल्या पुणे शहरातल्या एका संशोधकाने. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उभे केलेले काम प्रामुख्याने मधुमेहावरचे म्हणून ओळखले जाते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष हृदयाबद्दल आणि धडधाकट म्हातारपणाबद्दल तितकाच आहे. चाळिशीत जे हृदय आपण तपासायला नेतो, त्याची घडण आईच्या पोटात असल्यापासून सुरू झालेली असते. म्हणून हृदयाची काळजीही तेव्हापासूनच सुरू व्हायला हवी.

आपल्याकडे हा आजार लवकर येतो, ही गोष्ट आता वादातीत आहे. ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा अभ्यास करणाऱ्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या प्रकल्पाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली दक्षिण आशियाची आकडेवारी नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगळी काढून मांडली. भारतीय उपखंडातल्या रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे मध्यवर्ती वय ५३ निघाले, तर इतर देशांतल्या रुग्णांचे जवळपास ५९. सुमारे सहा वर्षांचा हा फरक कशामुळे पडतो? रक्तातली घातक चरबी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताणतणाव ही ओळखीची कारणेच त्याच्या मुळाशी होती. ती आपल्याकडे कमी वयातच हजर असतात, एवढाच फरक. कारणे तीच असतील तर ती इतक्या लवकर का गोळा होतात, हा पुढचा प्रश्न. याज्ञिकांच्या कामाचे मोल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

त्या उत्तराची सर्वांत गाजलेली झलक जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी होते. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बीएमआय हा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे रूढ निकषाने दोघेही निरोगी वजनाचे. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. सारख्याच वजनात एकाकडे स्नायू जास्त होते, तर दुसऱ्याकडे चरबी दुपटीहून अधिक. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर गाजले. दोन माणसांवरून सिद्धान्त ठरत नाही, हे खरे. पण ते छायाचित्र छापले गेले तेव्हा त्याच्या पाठीशी दहा-बारा वर्षांची मोजमापे होती आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची मोजमापे नवजात बाळांची होती.

या कामाला एक पार्श्वभूमी होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये हर्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या जन्मनोंदी तपासल्या आणि जन्मताना व पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, त्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे दाखवले. पुण्यात असे जुने दप्तर नव्हते, पण वाट पाहण्याची तयारी होती. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा जन्मतः कमी वजनाच्या मुलांच्या रक्तात ग्लुकोज दिल्यानंतर साखर आणि इन्सुलिन दोन्ही अधिक चढत असल्याचे दिसले. आठव्या वर्षी चित्र आणखी स्पष्ट झाले. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची आणि हृदयाला घातक अशी लक्षणे सर्वाधिक होती ती जन्मताना लहान आणि आठव्या वर्षापर्यंत वजनाने मोठ्या झालेल्या मुलांत. आयुष्याच्या सुरुवातीला टंचाई आणि नंतर झपाट्याने भर, हे जोडगणित शरीराला सर्वांत महागात पडते.

ही तपासणी चालू असतानाच १९९३ मध्ये ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांतल्या विवाहित स्त्रियांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवायची, गरोदरपणात त्यांचे खाणे, कष्ट आणि रक्त तपासायचे, जन्मलेल्या बाळाचे बारकाईने माप घ्यायचे आणि मग त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षे राहायचे, अशी ही योजना. तिथल्या बायका सरासरी ४२ किलो वजनाच्या, शेतात राबणाऱ्या आणि गरोदरपणातही दिवसाला १८०० किलोकॅलरींच्या आसपास खाणाऱ्या. बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेला घेतलेली साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आता हे माप जरा जवळून पाहू. कॅलिपर नावाच्या चिमट्याने बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेची घडी धरतात आणि तिची जाडी मिलिमीटरमध्ये वाचतात. त्यावरून कातडीखालची चरबी कळते. दंडाच्या घेरावरून स्नायूंचा अंदाज येतो, पोटाच्या घेरावरून यकृतासारख्या अवयवांचा. गावातल्या बाळांचे वजन, दंड, पोट सगळेच इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरेच कमी भरले. फऱ्याखालची घडी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमतरता स्नायूंच्या आणि अवयवांच्या वाट्याला आली होती, चरबी मात्र राखली गेली होती. नाळेच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा ८०० ग्रॅमने हलक्या बाळांमध्येही चरबीशी निगडित लेप्टिन इंग्लिश बाळांइतकेच होते आणि इन्सुलिन त्यांच्याहून अधिक होते. दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त, ही आपली शरीररचना वडापाव आणि मोटारसायकलीने घडवलेली नाही. ती जन्माबरोबरच येते.

हृदयाशी याचा संबंध काय, हे नीट समजून घ्यायला हवे. रक्तातली साखर खेचून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. ते मुळातच कमी असतील तर तेवढीच साखर हाताळायला स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावे लागते. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून स्निग्धाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात येत राहतात, यकृतावर चरबी चढते, ट्रायग्लिसराइड वाढते आणि चांगले कोलेस्टेरॉल घटते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला हा मारा वर्षानुवर्षे सोसावा लागतो. म्हणूनच ‘इंटरहार्ट’मध्ये हृदयविकाराचा धोका ओळखायला बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेराचे प्रमाण कितीतरी उपयोगी ठरले. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा आणि बीएमआयसाठी २५ ऐवजी २३ हा इशाऱ्याचा आकडा ठरवला गेला, तो याच कारणाने.

सहा गावांतल्या अभ्यासाने आणखी एक धागा हाती दिला. गरोदर बाईने एकूण किती ऊर्जा आणि किती प्रथिने खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले याच्याशी. पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक इथे आकड्यांत उतरला. रक्ततपासणीत सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, फॉलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी मुले होती ती ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त असलेल्या मातांची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. ब-१२ची उणीव खेड्यापुरती नाही. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात ती ६७ टक्क्यांमध्ये आढळली आणि सर्वाधिक, ८१ टक्के, शहरी मध्यमवर्गात. हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. वरण-भात-भाजी-पोळी चौरस आहार आहे असे मानणाऱ्या, पण दूध-दही चहापुरतेच उरलेल्या घरांत ते कमी पडते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात आवश्यकच आहेत, त्या बंद करायचे काहीच कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की ब-१२कडे त्याच गांभीर्याने का पाहिले जात नाही.

आणि मग सहा गावांतली ती मुले अठरा वर्षांची झाली. सहाशेहून अधिक तरुण-तरुणींच्या तपासणीत ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहपूर्व अवस्थेत किंवा क्वचित मधुमेहातच असल्याचे दिसले. त्याच वेळी या मुला-मुलींपैकी ४८ टक्के जणांचे वजन निकषापेक्षा कमी होते. या दोन आकड्यांना शेजारी ठेवून वाचले पाहिजे. वजन कमी आणि साखर जास्त, तेही अठराव्या वर्षी, खेड्यात. चाकणच्या कारखान्यांत नव्याने लागणारा ट्रेनी किंवा कंत्राटी कामगार साधारण याच वयाचा असतो. तो अशाच कोरडवाहू गावांतून, मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून आलेला असतो. नोकरीला लागताना त्याची उंची, वजन, नजर, रक्तदाब पाहून तो ‘फिट’ असल्याचा शिक्का बसतो. सडसडीत बांधा हाच त्याच्या तब्येतीचा दाखला ठरतो. याज्ञिकांच्या कामाचा या पट्ट्याला थेट लागू पडणारा अर्थ हा की तो दाखला अपुरा आहे. पुढे हाच तरुण तीन पाळ्यांत काम करतो, खोलीवर चार-पाच जणांत राहतो, अवेळी जेवतो, झोप तोडतो, जागे राहायला तंबाखू मळतो. पाळीच्या कामाबद्दलचे जगभरचे ३४ अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार अशा कामगारांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २३ टक्के अधिक आढळतो. कमकुवत पायावर चढवलेला हा भार आहे. म्हणून पाच-सात वर्षांत त्याची कंबर ३० वरून ३६ इंचांवर जाते तेव्हा ‘अंगाने भरला’ म्हणून कौतुक करण्यासारखे त्यात काही नसते. जन्मताना लहान आणि नंतर मोठा, हेच जोडगणित तिथे पुन्हा मांडले जात असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की झटका येतो तो तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलमुळे. ‘इंटरहार्ट’नेच दाखवले की बदलता येण्याजोग्या नऊ घटकांतून बहुतांश धोका समजावता येतो. मग गर्भापर्यंत मागे कशाला जायचे? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला व्यावहारिक भाग पूर्ण मान्य करावा असाच आहे. आज चाळिशीत असलेल्या माणसासाठी तंबाखू सोडणे आणि रक्तदाबाची गोळी न चुकता घेणे याला पर्याय नाही. पण त्या नऊ घटकांत मधुमेह आहे, पोटाचा घेर आहे, रक्तातली चरबी आहे आणि फळभाज्यांचा अभावही आहे. हे घटक एखाद्याच्या अंगी लवकर आणि कमी वजनातच का येतात, याचे उत्तर मागे गेल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत. पुढची कडी तोडल्याने माणूस वाचतो, मागची कडी तोडल्याने पुढची पिढी वाचते.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ब-१२ कमी असले की रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य वाढते आणि ते हृदयरोगाशी जोडलेले दिसते. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत आधीच हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या लोकांना ब गटातली जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन खाली आणले, तरी झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. हा पुरावा झाकून ब-१२ची गोळी हृदयाचे औषध म्हणून विकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र त्या चाचण्या उतारवयातल्या रुग्णांवर होत्या. शरीर घडत असताना उणीव भरून काढली तर काय होते, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. तो विचारला पुण्याच्या गटाने. मातृपोषण अभ्यासातल्याच मुला-मुलींना वयात येताना, त्यांच्या लग्नाच्या आणि अपत्याच्या आधी, ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याची ‘प्रिया’ ही चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली. बाळाचे जन्मवजन त्यामुळे वाढले नाही, हे तिच्या निष्कर्षांत सरळ नोंदवलेले आहे. नाळेच्या रक्तातले ब-१२ मात्र सुधारले आणि लहानपणच्या बौद्धिक विकासाच्या काही चाचण्यांत लाभ दिसला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या एका प्रयोगात गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ रोज दिला, तेव्हा गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात १२.४ टक्के, तर हा खाऊ मिळालेल्या गटात ७.३ टक्के आढळला. या मुलांच्या हृदयाचा हिशेब हाती यायला अजून काही दशके जावी लागतील. पण गरोदरपणातला मधुमेह आई आणि मूल दोघांचाही पुढचा धोका वाढवतो, हे आज पक्के माहीत आहे, आणि चांगले अन्न देण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून अधिक जपून हाताळायला हवा. सगळे आईच्या पोटातच ठरत असेल, तर दोष आईचा, आणि मग माणसाच्या हाती काय उरते? या विचारातले दोन्ही भाग चुकीचे आहेत. ४२ किलोची बाई शेतात राबून आल्यावर घरात सर्वांत शेवटी जेवते, तेव्हा तिच्या ताटात काय उरते हे ती ठरवत नाही. ते घर ठरवते, शेत ठरवते, बाजारभाव ठरवतात. तिच्या बाळाचे माप हा तिच्यावरचा ठपका नव्हे, तिच्यावर झालेल्या अन्यायाचे मोजमाप आहे. आणि जन्माने आलेली रचना म्हणजे नशीब नव्हे. आठव्या वर्षीच्या तपासणीत धोका सर्वाधिक होता तो लहान जन्मून वजनाने मोठे झालेल्यांत, लहान जन्मलेल्या प्रत्येकात तो सारखा नव्हता. मधली वर्षे आपल्या हातात आहेत.

धडधाकट म्हातारपणाचा प्रश्नही याच मधल्या वर्षांचा आहे. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या ‘प्युअर’ अभ्यासात हाताच्या मुठीची ताकद मोजली गेली. ती ५ किलोने कमी असेल तर कोणत्याही कारणाने मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. म्हातारपणी माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो तो स्नायूंच्या शिलकीवर, आणि आपल्याकडे ही शिल्लक जन्मापासूनच तुटपुंजी असते. कारखान्यात आठ तास एकाच जागी उभे राहून एकच हालचाल करण्याने ती वाढत नाही, नुसती दमणूक होते. म्हणून कामाचे कष्ट आणि स्नायू कमावणारा व्यायाम यांची गल्लत करू नये. पूर्वी तालमीत घुमणाऱ्या जोर-बैठका पंचविशीतल्या ऑपरेटरला आजही तितक्याच उपयोगी आहेत.

मग या पट्ट्याने काय करावे? नव्या कामगार संहितांबरोबर चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद पुढे आली आहे. तिचे स्वागत आहे, पण ती सुरुवातीची रेघ मानावी. तपासणी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून व्हावी, कायम आणि कंत्राटी असा भेद न करता व्हावी. तिच्यात वजनाच्या काट्याबरोबर कमरेचा टेप, उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब असावा. रक्तक्षय (ॲनिमिया) असलेल्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी हा आकडा फसवा ठरू शकतो, हेही डॉक्टरांनी लक्षात ठेवावे. भारतातल्याच उद्योगांमध्ये चार वर्षे राबवलेल्या एका प्रकल्पात कामगार व त्यांच्या कुटुंबीयांना सातत्याने माहिती, तपासणी आणि उपचार मिळाल्यावर वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब सुधारल्याचे २००९ मध्ये नोंदवले गेले आहे. म्हणजे हे कारखान्यात शक्य आहे. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या पाळीलाही अंडे, दही, उसळ, पालेभाजी मिळावी. आणि त्याहून महत्त्वाचे, कंपन्यांच्या सामाजिक निधीतला आणि महापालिकेच्या आरोग्य खर्चातला ठळक वाटा किशोरवयीन मुलींच्या आणि लग्नाळू वयातल्या तरुणींच्या जेवणावर खर्च व्हावा. चिखली, तळवडे, मोशी, खराबवाडीच्या चाळींत राहणाऱ्या कामगारांच्या बायका आणि मुली आज काय खातात, यावर २०६५ साली इथल्या रुग्णालयांच्या हृदयरोग विभागांत किती गर्दी असेल हे बऱ्याच अंशी ठरणार आहे. अँजिओप्लास्टीची सोय वाढवावीच. पण एका मुलीला वर्षभर रोज पेलाभर दूध, एक फळ आणि पालेभाजी देण्याचा खर्च एका स्टेंटच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि त्याचा लाभ दोन पिढ्यांना मिळतो. तीस वर्षे त्याच मुलांच्या मागे राहून पुण्याच्या संशोधकांनी जमवलेला पुरावा आपल्या दारातला आहे. त्यावर आधारलेले पहिले शहाणे धोरणही याच पट्ट्यात आखले जावे.